वहीतल्या नोंदीचे पुढे काय होते? : वाहतूक आणि पायाभूत सुविधांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही वाहतूक आणि पायाभूत सुविधांच्या व्यवस्थापनाविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना इथे उत्तरे देत आहे. एका सार्वजनिक बससंस्थेत आधी देखभाल शाखेत आणि नंतर वाहतूक शाखेत मी नोकरीची बहुतेक वर्षे काढली, त्यामुळे उत्तरांत बसगाड्यांचे दाखले अधिक आले आहेत. पत्रे लांब होती, त्यांतला मूळ प्रश्न तेवढा ठेवला आहे. पत्रलेखकांपैकी काही जण नोकरीत असल्याने सर्वांचीच नावे गाळली आहेत.

प्रश्न : तालुक्याच्या एका बस आगारात मी नुकताच सहायक अधिकारी म्हणून रुजू झालो आहे. रोज सकाळी विभागाकडे भारमान, प्रतिकिलोमीटर उत्पन्न, डिझेलची सरासरी, रद्द फेऱ्या, वाटेत बंद पडलेल्या गाड्या असे पंधरा-वीस आकडे पाठवावे लागतात. आमच्या आगाराचे भारमान गेल्या वर्षापेक्षा सुधारले आहे, तरी प्रवाशांच्या तक्रारी वाढतच आहेत. हे कसे? आणि सुधारणेला सुरुवात कुठून करावी? — सहायक अधिकारी, मराठवाडा

उत्तर : भारमान सुधारले आणि तक्रारीही वाढल्या, यात विसंगती नाही, बऱ्याचदा एकाच कारणातून दोन्ही घडते. भारमान म्हणजे धावलेल्या गाड्यांतील आसनांपैकी किती आसने भरली याची टक्केवारी. समजा, एका मार्गावर सकाळी सात आणि साडेसात अशा दोन गाड्या आहेत, प्रत्येकीत ४४ आसने आहेत आणि पहिलीला २४, दुसरीला २६ प्रवासी मिळतात. दोन्ही मिळून भारमान ५७ टक्क्यांच्या आसपास येते. आता सातची फेरी रद्द झाली. तिच्यातले सात जण काळी-पिवळीने गेले आणि उरलेले सतरा जण साडेसातच्या गाडीत कोंबले गेले. भारमान एकदम ९८ टक्के! विभागाच्या तक्त्यात आपले आगार चमकले, पण फाट्यावर अर्धा तास ताटकळलेल्या त्या सतरा जणांची आणि कायमच्या गेलेल्या सात जणांची नोंद तक्त्यात कुठेच झाली नाही. रद्द झालेली फेरी उशिरा सुटत नाही, म्हणून वक्तशीरपणाचा आकडाही शाबूत राहतो. ती खडबडीत रस्त्यावरची असेल तर डिझेलची सरासरीसुद्धा सुधारते. म्हणून भारमानाच्या आकड्याशेजारी रद्द किलोमीटरचा आकडा ठेवल्याशिवाय तो वाचूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातही राज्यात ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे लागू झाल्यावर प्रवासी वाढले. भारमानाची त्याआधीच्या वर्षांशी तुलना करताना ही वाढ आगाराच्या कर्तबगारीत धरून चालणार नाही.

आता सुरुवात कुठून करावी याविषयी. चालक गाडी जमा करताना ज्या वहीत दोष लिहितो, त्या वहीपासून करा.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नोकरीच्या मधल्या वर्षांत माझी एका आगारात बदली झाली, तिथे घाटात गाड्या बंद पडण्याचे प्रमाण फार होते. पहिल्या आठवड्यात मी दोषनोंदीची वही घेऊन बसलो. एका गाडीपुढे वेगवेगळ्या चालकांनी वेगवेगळ्या अक्षरांत एकच गोष्ट लिहिली होती : 'चढाला इंजिन तापते', 'पाणी कमी होते', 'इंजिन गरम', 'पाणी दोन वेळा भरले'. त्याच्या शेजारच्या 'केलेले काम' या रकान्यात प्रत्येक वेळी एकच उत्तर होते : 'पाहिले, ठीक'. अशा नऊ नोंदी मी मोजल्या. मी त्या पाळीच्या कारागिराला केबिनमध्ये न बोलावता गाडीखालच्या खड्ड्याशी उभे राहून विचारले. तो आधी गप्प राहिला. मग हातातल्या बोळ्याने बोटे पुसत म्हणाला, "साहेब, रेडिएटर बदलायला पाहिजे. भांडारात नाही. मागणी लिहून तीन महिने झाले. 'भाग नाही' असं लिहिलं तर गाडी बंद दाखवावी लागते, आणि गाडी बंद दाखवली की सकाळी मलाच विचारतात, का बंद?"

तो माणूस कामचुकार नव्हता. आम्हीच अशी पद्धत लावली होती, की खरे लिहिले तर बोलणी खावी लागावीत आणि 'ठीक' लिहिले तर दिवस निभावून जावा. त्या वहीत आम्ही तिसरा रकाना आखला : 'भाग उपलब्ध नाही, मागणीची तारीख'. हा रकाना भरल्याबद्दल कोणालाही जाब विचारला जाणार नाही, असे मी सर्वांसमोर सांगितले आणि ते कसोशीने पाळले. दर सोमवारी मी तो रकाना घेऊन स्वतः भांडारात जात असे. पहिल्या महिन्यात आमच्या बंद गाड्यांचा आकडा वाढला आणि वरून विचारणा झाली. तुमच्याकडेही हेच होईल, म्हणून वरिष्ठांना ते आधीच लेखी कळवून ठेवा. नंतरच्या महिन्यांत घाटात बंद पडणाऱ्या गाड्या हळूहळू कमी झाल्या, कारण कोणता भाग किती दिवस अडला आहे हे प्रथमच कागदावर दिसू लागले आणि भांडार शाखेला त्याचे उत्तर द्यावे लागले.

दुसरे असे, की वाटेत बंद पडलेल्या गाड्यांची नुसती संख्या पाहू नका. त्या कोणत्या भागामुळे बंद पडल्या त्याप्रमाणे त्यांची वर्गवारी करा. बहुतेक वेळा दोन-तीन कारणांतच निम्म्याहून अधिक बिघाड सापडतात आणि ती कारणे पट्टा, नळी, टायर, बॅटरी अशी साधी असतात. एका बंद गाडीचे सुटे भाग काढून दुसरी चालू करण्याची सवय आगारात असेल तर तिचीही नोंद ठेवा. अडल्या वेळी तसे करावे लागते हे मला ठाऊक आहे, पण ज्या गाडीचे भाग काढले ती पुन्हा उभी राहायला किती दिवस लागले, हेही कुठेतरी लिहिले गेले पाहिजे.

आणि आठवड्यातून दोन दिवस पहाटे पहिली गाडी सुटण्याआधी आगारात उभे राहा. पंधरा-वीस आकड्यांतून जे कळत नाही ते त्या एका तासात कळते.

प्रश्न : माझे पती बसचालक आहेत. मुक्कामी गाडीवर असले की रात्री साडेनऊला गावात पोचतात आणि पहाटे साडेपाचला तीच गाडी घेऊन निघतात. झोपायला गाडीतले बाकडेच असते. अपघात झाला की मात्र दोष चालकाचा. व्यवस्थापन सुधारण्याच्या चर्चेत हा विषय का येत नाही? — एक गृहिणी, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : ताई, हा विषय सर्वांत आधी यायला हवा होता. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास काम, पाच तासांनंतर किमान अर्धा तास विसावा आणि एका दिवसाचे काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत सलग नऊ तास विश्रांती, असे माप घालून दिले होते. काही प्रसंगी कामाचे तास वाढवण्याची मुभा त्यात होती, पण नऊ तास विश्रांतीमागचा विचार उघड आहे : जेवण, अंघोळ आणि झोप यांना तेवढा वेळ लागतोच. साडेनऊ ते साडेपाच हे आठच तास होतात. त्यातून गाडी लावणे, वाहकाचा हिशेब, जेवणाची शोधाशोध आणि पहाटेची तयारी वजा केली तर झोपेला पाच तास उरतात, आणि पावसाळ्यात डासांमुळे तेही पुरते मिळत नाहीत.

मुक्कामी गाडी ही महाराष्ट्राच्या खेड्यांची फार मोठी सोय आहे. पहाटे तालुक्याला कॉलेजला, दवाखान्याला, बाजाराला जाणारी माणसे तिच्यावर अवलंबून असतात, म्हणून ती बंद करा असे मी कधीच म्हणणार नाही. परंतु जिथे गाडी मुक्कामाला आहे तिथे ग्रामपंचायतीने एक खोली, पंखा, दोन खाटा, मच्छरदाण्या, पाणी आणि स्वच्छतागृह द्यावे आणि त्या बदल्यात आगाराने ती फेरी नियमित ठेवण्याची हमी द्यावी, असा लेखी करार करता येतो. महिला वाहक असतील तर ही खोली ही सवलत उरत नाही, ती गरजच असते. यासाठी लागणारा पैसा एका अपघातात होणाऱ्या नुकसानीपुढे काहीच नाही.

अपघाताच्या चौकशीविषयी आपली तक्रार रास्त आहे. 'चालकाचा निष्काळजीपणा' ही ओळ लिहिली की चौकशी संपते आणि सगळे खापर एका माणसावर फुटते. प्रत्येक अपघाताच्या अहवालाला त्या चालकाच्या आधीच्या तीन दिवसांच्या कामगिरीचा, म्हणजे ड्युटीच्या तासांचा, तक्ता आणि त्या गाडीच्या दोषनोंदींचे पान जोडणे सक्तीचे करावे, असे मला वाटते. दोष चालकाचा असेल तर तोही त्यातून दिसेल. आपल्या पतींना एक सांगा : वेळापत्रकातली वेळ सवयीने उतरवू नका, गाडी गावात खरोखर पोचली ती वेळच रोज लिहा. उशीर झाल्याचा ठपका येईल या भीतीने अनेक जण ठरलेली वेळ लिहून मोकळे होतात, आणि मग त्यांची विश्रांती कमी पडत होती हे सिद्ध करायला हातात काहीच उरत नाही.

प्रश्न : वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यावर वाहतूक व्यवस्थापनात जायचे असेल तर काय शिकावे? — विद्यार्थिनी, अमरावती

उत्तर : मालाचा साठा आणि पुरवठा, खर्चलेखा आणि संख्याशास्त्राची चांगली ओळख, एवढा पाया पक्का करा. पुण्याजवळ भोसरीला १९६७ पासून केंद्रीय रस्ते वाहतूक संस्था आहे. बससंस्थांच्या अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण आणि वाहनांच्या चाचण्या तिथे होतात, तिच्या अभ्यासक्रमांची चौकशी करा. प्रवेश मिळेपर्यंत आपल्या गावच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीशेजारी एक आठवडा बसून कोणती गाडी किती वाजता सुटली ते स्वतः लिहून काढा. त्यातून तुमचे प्रश्न तुम्हालाच सुचतील.

प्रश्न : मी रत्नागिरीहून मुंबईला नेहमी कोकण रेल्वेने जातो. पावसाळ्यात गाड्यांचा वेग मुद्दाम कमी केला जातो आणि प्रवास लांबतो. इतक्या वर्षांनंतरही वेग वाढवता येत नसेल तर याला कार्यक्षमता कसे म्हणायचे? — व्यापारी, रत्नागिरी

उत्तर : आपला वेळ जातो हे खरे आहे आणि व्यापाऱ्याच्या वेळेला किंमत असते, हेही मान्य. तरीही माझे उत्तर असे आहे, की कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक हे आपल्या देशातल्या चांगल्या व्यवस्थापनाचे एक उदाहरण आहे. ते थोडे सविस्तर सांगतो.

कोकण रेल्वेची उभारणी हीच मुळात व्यवस्थापनाची कामगिरी होती. १९९० साली मधू दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना या कामासाठी वेगळे महामंडळ स्थापन झाले. रेल्वेचा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के अशी भागीदारी ठरली. ई. श्रीधरन यांच्याकडे धुरा आली. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर मार्ग, ९१ बोगदे आणि लहानमोठे मिळून दोन हजारांच्या आसपास पूल, असे ते काम होते. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आणि आपल्या रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंचीचा. कामाच्या ठिकाणी उलटे घड्याळ लावलेले असे. किती दिवस गेले याऐवजी किती दिवस उरले ते त्यावर दिसे. जागेवरच्या अभियंत्यांना निर्णयाचे अधिकार दिल्यामुळे फाइल वर जाऊन परत येण्याची वाट पाहावी लागत नसे. गोव्यातल्या मार्गाचा वाद आणि बोगद्यांतली ढासळणारी माती यांमुळे मुदत पुढे गेली, तरी २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग वाहतुकीला खुला झाला.

त्यानंतर मात्र निसर्गाने परीक्षा घेतली. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईला निघालेली सुट्टीची विशेष गाडी रुळांवर आलेल्या दरडीमुळे घसरली आणि पन्नासहून अधिक प्रवासी प्राणास मुकले. वर्षही पूर्ण झाले नव्हते तोच १६ जून २००४ रोजी रायगड जिल्ह्यात आंबवली पुलापाशी मत्स्यगंधा एक्स्प्रेस अशाच दगडांमुळे घसरली. दोन्ही अपघात जूनमध्ये, म्हणजे डोंगर नुकतेच पाणी पिऊ लागलेले असताना झाले. खोल कापून काढलेल्या मार्गाच्या दोन्ही बाजूंचा जांभा आणि त्याखालची माती भिजली की कडा केव्हा सुटेल याचा नेम नसतो. ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास धावणाऱ्या गाडीच्या चालकाला वळणापलीकडचा दगड दिसला, तरी गाडी थांबायला जेवढे अंतर लागते तेवढे त्याच्याजवळ नसते.

त्या काळात केलेले उपाय पाहा. कड्यांचा उतार कमी केला, लोखंडी जाळ्या बसवल्या, धोक्याच्या जागा ठरवून तिथे गस्त आणि चोवीस तासांचे पहारे ठेवले. आजही पावसाळ्यात सहाशेहून अधिक माणसे या मार्गावर गस्त घालतात. पाऊस मोजणारी यंत्रे, नद्यांच्या पुलांवर पाण्याची पातळी सांगणारी यंत्रे आणि पानवलसारख्या उंच पुलांवर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रे आहेत. मुसळधार पावसाने पुढचे दिसेनासे झाले, तर चालकाने वेग ताशी ४० किलोमीटरवर आणावा अशी सूचना असते. या सूचनेला मी फार महत्त्व देतो. वेग कमी करण्यासाठी चालकाला कोणाची परवानगी मागावी लागत नाही, आणि पावसाळी वेळापत्रकात तेवढा वेळ आधीच धरलेला असल्यामुळे त्याच्यावर उशिराचा ठपका येत नाही. पंधरा मिनिटे उशीर झाला म्हणून चालकाला जाब द्यावा लागत असता, तर हीच सूचना कागदावर राहिली असती. 'पाहिले, ठीक' लिहिणारा तो कारागीर मला इथे आठवतो.

जुलै २०२४ मध्ये खेड तालुक्यात दिवाणखवटीजवळ दरड आली आणि मार्ग जवळजवळ एक दिवस बंद राहिला. हजारो प्रवाशांचे हाल झाले, पण गाडी दरडीवर आदळली नाही. वेळापत्रकाचाही फेरविचार होत असतो : वर्षानुवर्षे ते साधारण १० जून ते ३१ ऑक्टोबर असे असे, २०२५ साली १५ जून ते २० ऑक्टोबर असे आटोपते झाले. आपल्याला तक्रार करायचीच असेल, तर दुहेरीकरण रोहा ते वीर या टप्प्यापुढे गेलेले नाही याबद्दल करा, कारण एकेरी मार्गावर समोरच्या गाडीसाठी थांबण्यात बाराही महिने वेळ जातो. त्या तक्रारीत मीही आपल्यासोबत आहे.

प्रश्न : पूल पडला की 'पुलांचे संरचनात्मक परीक्षण करणार' अशी घोषणा होते. परीक्षण झालेले पूलही पडतात. मग परीक्षणाचा उपयोग काय? आणि सावित्री नदीवरचा नवा पूल काही महिन्यांत होतो, तर त्याच मुंबई-गोवा महामार्गाचे बाकीचे काम इतकी वर्षे का चालते? — निवृत्त मुख्याध्यापक, महाड

उत्तर : सर, २ ऑगस्ट २०१६ ची रात्र आपण महाडमध्ये राहून पाहिली आहे, आपल्याला मी काय सांगावे? पुराच्या पाण्यात सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल गेला आणि अंधारात येणाऱ्या दोन एसटी गाड्या नदीत गेल्या. चालकांना पुढे पूल नाही हे कळायला काही मार्गच नव्हता.

आपल्या पहिल्या प्रश्नाला उत्तर असे, की परीक्षण ही एक नोंद आहे. तिच्यापुढे कोणती कृती, कोणी, किती दिवसांत करायची हे ठरलेले नसेल, तर ती वहीतच राहते. आणि नोंदच चुकीची असेल तर ती नसण्यापेक्षा वाईट, कारण सगळे निर्धास्त होतात. १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पूल ऐन गर्दीत कोसळला, तेव्हा परीक्षणात त्या पुलाला किरकोळ दुरुस्ती पुरेशी असल्याचे म्हटलेले होते. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या भाराने कोसळला आणि चौघांचा जीव गेला. तिथे तर पूल धोकादायक असल्याचा फलक होता आणि नव्या पुलाला मंजुरीही मिळालेली होती. म्हणजे धोका माहीत होता, तो लिहिलेला होता आणि तरी रविवारी माणसे पुलावर होती. फलक लावल्याने पूल बंद होत नाही. पूल बंद करायचा तर दोन्ही टोकांना माणूस जाऊ शकणार नाही असा अडथळा बांधावा लागतो आणि पलीकडच्या वस्तीला दुसरी वाट द्यावी लागते. दुसरी वाट देण्याची जबाबदारी कोणावरच नसते, म्हणून फलकावर भागवले जाते.

पूल वेळेवर बंद करणे लोकांना आवडत नाही, हेही आपण मान्य केले पाहिजे. मुंबईचा दीडशे वर्षांचा कर्नाक पूल धोकादायक ठरल्यावर २०१४ मध्ये जड वाहनांना बंद केला, नोव्हेंबर २०२२ मध्ये रेल्वेने २७ तासांचा ब्लॉक घेऊन तो पाडला आणि नवा पूल जुलै २०२५ मध्ये खुला झाला. मशीद बंदरच्या व्यापाऱ्यांनी इतकी वर्षे वळसा घालून माल नेला. पुनर्बांधणीला एवढा वेळ लागायला नको होता. पण पूल कोसळला नाही, कोणी दगावले नाही, याचे श्रेय तो वेळेत बंद करण्याचा कटू निर्णय घेणाऱ्यांना कोणी देत नाही. टळलेल्या अपघाताची बातमी होत नसल्यामुळे असे निर्णय घेणारा अधिकारी एकटा पडतो.

दुसरा प्रश्न. सावित्रीचा नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये खुला झाला, कारण जागा हातात होती, पैसा होता, काम एकाच ठिकाणी होते आणि सगळ्या राज्याची नजर त्यावर होती. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या रुंदीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले, तेव्हा भूसंपादन पूर्ण नव्हते आणि कर्नाळा अभयारण्यातल्या जागेचा प्रश्न सुटलेला नव्हता. पुढे कंत्राटदार आर्थिक अडचणीत आला. तुकड्यातुकड्यांनी जागा मिळाली की यंत्रे इकडून तिकडे हलवावी लागतात, अर्धवट भराव पावसात वाहून जातो, कामगार निघून जातात आणि खर्च वाढत राहतो. जमिनीचा बहुतेक ताबा हातात आल्याशिवाय कामाचा आदेशच देऊ नये, हा साधा नियम न पाळण्याची किंमत कोकणाने दर गणपतीला मोजली आहे. भूमिपूजनाची घाई हा व्यवस्थापनाचा सर्वांत मोठा शत्रू आहे, असे मी अनुभवाने म्हणतो.

प्रश्न : आमच्या गावचा डांबरी रस्ता दोन वर्षांत उखडला. ठेकेदार म्हणतो जड वाहनांमुळे, अधिकारी म्हणतात निधी नाही. ग्रामपंचायतीच्या हातात काय आहे? — ग्रामपंचायत सदस्य, नाशिक जिल्हा

उत्तर : प्रथम तो रस्ता कोणत्या योजनेतून झाला ते पाहा. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतला असेल, तर काम पूर्ण झाल्यापासून पाच वर्षे देखभाल करणे ठेकेदाराच्या करारातच असते आणि देखभालीचे पैसे रस्त्याची स्थिती पाहून द्यायचे असतात. 'निधी नाही' हे उत्तर त्या पाच वर्षांत लागू होत नाही. इतर योजनांतही करारात दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याची मुदत, दिलेला असतो. कामाच्या सुरुवातीला लावलेला फलक जागेवर असेल तर त्याचे छायाचित्र काढा. नसेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क भरून अंदाजपत्रक, करार आणि मोजमाप पुस्तिकेच्या संबंधित पानांच्या प्रती मागा. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. अर्जात 'रस्ता खराब का झाला' असे विचारू नका, कारण त्याला माहिती म्हणता येत नाही. कागदांच्या प्रतीच मागा.

कागद हाती आले, की उपअभियंत्यांना गावात बोलावून त्यांच्यासोबत रस्ता पायी चाला आणि खड्ड्यांपेक्षा पाण्याकडे लक्ष द्या. डांबरी रस्ता वाहनांच्या वजनाने खचतो तो बहुधा खालचा थर ओला असतो म्हणून. रस्त्याच्या मध्यापासून कडेकडे उतार राहिला आहे का, साईडपट्टीवर माती आणि गवत साचून ती रस्त्यापेक्षा उंच झाली आहे का, गटार कुठे बुजले आहे, मोरीचे तोंड कोणत्या बाजूने बंद आहे, हे प्रत्येक ठिकाणी थांबून लिहून घ्या. साईडपट्टी उंच असेल तर पावसाचे पाणी रस्त्यावरच थांबते, भेगांतून खाली उतरते आणि पहिल्याच ट्रॅक्टरखाली डांबर उचलले जाते.

याच फेरीत आणखी एक गोष्ट आपल्याला दिसेल आणि ती आपणच सोडवायची आहे. विहिरीवरून पलीकडच्या शेतात पाइपलाइन नेण्यासाठी आपल्यापैकीच कोणी तरी रात्री रस्ता आडवा खोदलेला असतो आणि वरून माती लोटलेली असते. पुढच्या पावसाळ्यात तो चर दोन्ही बाजूंनी रुंद होत जातो. ग्रामसभेत ठराव करा, की पाइपलाइनसाठी रस्ता खोदायचा नाही, मोरीतून किंवा नव्या कामाच्या वेळी टाकलेल्या नळातूनच न्यायची. नवा रस्ता मंजूर होईल तेव्हा ज्या शेतकऱ्यांना पलीकडे पाणी न्यायचे आहे त्यांची यादी काम सुरू होण्याआधी शाखा अभियंत्याकडे द्या, म्हणजे त्या त्या जागी आडवे नळ आधीच टाकून घेता येतील.

शेवटी, मे महिन्याच्या अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये अशा वर्षातून दोन वेळा, त्याच दहा ठिकाणांहून, त्याच दिशेने रस्त्याची छायाचित्रे काढून तारखेसह ग्रामपंचायतीच्या दप्तरी लावा आणि प्रत्येक वेळी एक प्रत उपविभागाच्या कार्यालयात देऊन पोच घ्या. दोषदायित्वाची मुदत संपण्याच्या तीन महिने आधी सगळ्या पोचपावत्या जोडून कार्यकारी अभियंत्यांना पत्र द्या आणि ठेकेदाराची अनामत रक्कम दुरुस्तीपूर्वी परत करू नये, अशी स्पष्ट मागणी त्यात करा.